सलामीची फेरी

खडूनं शंभूचं नाव उडवलं तेव्हा मला वाटलं, माझ्याच कोडमध्ये घाण झालीय. पुन्हा चालवलं. पुन्हा उडालं. लॅपटॉप बंद करून चहा पिऊन आलो, परत चालवलं. शंभूराज सरनाईक पहिला सोडा, यादीतच नव्हता.

खडू म्हणजे माझा प्रोग्राम. मी इंजिनियर-बिंजिनियर नाही. बारावीनंतर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसलो आणि तिथंच बसून व्हिडिओ बघत, चुकत, परत चुकत शिकलो. खडू हे नाव आमच्या फळ्यामुळं पडलं.

आमची चांदणी तालीम. कोल्हापुरातल्या बाकीच्या तालमींसारखीच. आखाडा कधीच बंद पडला, लाल मातीवर फरशी आली, आता सगळं फुटबॉल. पण दारातला फळा तसाच आहे. कोण वारलं, कोण पास झालं, उद्या सामना कुणाशी, सगळं त्या फळ्यावर, आणि सगळं आप्पा वडणगेकरांच्या अक्षरात. आप्पा पंच्याहत्तरीचे. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. आमच्या पेठेत एखादी गोष्ट आप्पांनी लिहिली की ती झाली.

देशात व्यावसायिक लीग मोठी झाली, क्लब दर जूनमध्ये कॉलेजची पोरं निवडायला लागले, तशी फळ्यावर एक नवीन रीत आली. निवडीच्या आदल्या संध्याकाळी पेठ फळ्यापुढं जमते. ज्याला भाकीत करायचंय त्यानं उभं राहून मोठ्यानं नाव सांगायचं, आपल्या गावचा क्लब, पंचगंगा एफसी, पहिल्यांदा कुणाला उचलणार. आप्पा ते नाव लिहितात, पुढं सांगणाऱ्याचं नाव. एकदा फळ्यावर चढलं की निवड होईपर्यंत पुसायचं नाही. चुकला त्यानं सगळ्यांना मिसळ घालायची. मी खडूच्या जोरावर सलग तीन वर्षं मिसळ फुकट खाल्ली होती. पेपरात फळ्याचा फोटो यायला लागला होता. पंचगंगा एफसीची माणसंसुद्धा फळा बघून जातात असं लोक बोलायचे.

आणि त्या वर्षी तर विषयच वेगळा होता. पंचगंगा एफसी लीगमध्ये तळाला होती, आणि तळाच्या क्लबाला पहिली निवड मिळते. शंभू आमच्या तालमीचा फॉरवर्ड, विद्यापीठाचा कॅप्टन, आमच्या गल्लीतला, माझ्याबरोबर पहिलीपासनं एका बाकावर बसलेला. तालमीचं पोरगं गावच्याच क्लबात जाणार. असं कधी झालं नव्हतं. पेठेत आत्तापासनंच पोस्टर छापायला टाकली होती.

"काय म्हणतंय तुझं खडू?" शंभू दुकानात येऊन काउंटरवरच बसला. "हाय न्हवं मी पहिला?"

"अजून चालवायचंय."

"चालव की मर्दा. का त्याला पन मिसळ पायजे?"

मी हसलो. स्क्रीन त्याच्याकडनं फिरवून ठेवला.

*

खडू काय बघतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळंल.

गोल सगळेच बघतात. क्लबांकडं ड्रोन आहेत, ते पास मोजतात, वेग मोजतात, सगळं मोजतात. त्यांच्याशी माझा काय टिकाव लागणार? म्हणून मी ते सोडलं आणि पळणं घेतलं. नुसतं पळणं.

आपल्याला वाटतं, चांगला पळणारा म्हणजे घड्याळासारखा, टिक टिक टिक, सगळी पावलं सारखी. तसं नसतं. धडधाकट माणसाचं एक पाऊल किंचित लवकर पडतं, एक किंचित उशिरा. फरक डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. गंमत पुढंच आहे. हा फरक वाटेल तसा नसतो. आत्ताचं पाऊल मघाच्या पावलाशी बांधलेलं असतं, आणि मघाचं त्याच्याही मागच्या पावलांशी. जणू पावलांना आठवण असते. मेंदूत खोलवर एक जागा आहे, ती हा ताल सांभाळते. माणूस दमला, गुडघा दुखावला, तर ताल हलतो आणि परत जागेवर येतो. पण ती जागाच खराब व्हायला लागली, तर पावलं मागचं विसरायला लागतात. प्रत्येक पाऊल नाणं उडवल्यासारखं पडतं. माणूस अजून पळत असतो, गोल मारत असतो, त्याला स्वतःलाही काही कळलेलं नसतं.

हे मी शोधलेलं नाही. जुनं आहे, डॉक्टरांना माहीत आहे. मी फक्त ते खेळाडूंना लावलं. ज्याच्या पावलांची आठवण पक्की, तो जास्त हंगाम टिकतो, आणि क्लब शेवटी टिकणाराच उचलतात. एवढंच खडूचं भांडवल.

पण त्यासाठी लांब, एकसारखं पळणं लागतं. सामन्यात माणूस चार ढांगा टाकतो आणि थांबतो. तिथं आमची सलामीची फेरी कामाला आली. कोल्हापुरात सामन्याआधी आमचे संघ अख्ख्या मैदानाला संथ फेऱ्या घालतात, पेठेच्या स्टँडसमोर आल्यावर छातीला हात लावतात. क्लबांचे कॅमेरे तेव्हा बंद असतात. पेठेचे फोन मात्र सगळे चालू. प्रत्येकाला आपल्याच पोराचा व्हिडिओ हवा असतो. शंभूच्या फेऱ्या तर तो बारा वर्षांखालच्या संघात होता तेव्हापासनं आहेत. लोकांनी कौतुकानं काढल्या आणि तालमीच्या ग्रुपवर टाकल्या. मी त्या खडूला घातल्या.

जगात दुसऱ्या कुणाकडं एका पोराच्या पळण्याचा एवढा इतिहास नसेल. म्हणून ते फक्त खडूला दिसलं.

दोन हंगामांपूर्वीपर्यंत शंभूच्या पावलांची आठवण अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात पक्की. मग ती घसरायला लागली होती. थोडी. मग आणखी.

*

मी मैदानाला दोष दिला, नवीन गवताला दोष दिला, बुटांना दिला. शेवटी शंभूलाच सकाळी मैदानावर बोलावलं.

"एकसारखा पळ. मी बस म्हणेस्तोवर."

"परवा सामना हाय, आन तू माझं भुस्काट पाडालास."

"पळ रे."

तो पळला. मला काहीच वेगळं दिसलं नाही. देखणाच पळतो तो. खडूला दिसलं. पळून आल्यावर तो बाटलीचं टोपण लावत होता, ते हातातनं निसटलं. उचललं, परत निसटलं.

"घाम," तो म्हणाला.

खडूत एक बटण आहे, 'कोणासारखा'. पेठेच्या गमतीसाठी केलेलं. आपला व्हिडिओ टाकायचा, खडू सांगतं तुझं पळणं आजवरच्या कुठल्या खेळाडूसारखं. लोक त्याच्यावर खूश. घरी येऊन मी शंभूचा सकाळचा व्हिडिओ टाकून ते बटण दाबलं.

धनाजी सरनाईक. शेवटचा हंगाम.

धनाजी सरनाईक म्हणजे शंभूचे वडील. आमच्या तालमीचे विंगर होते. शेवटी शेवटी मैदानात उगाच पडायचे, चालताना झोकांडी जायची, बोलणं जड झालेलं. तालमीत दारूला बंदी. पिऊन मैदानात उतरतो म्हणून त्यांना काढलं आणि ते फळ्यावर लिहिलं: शिस्तभंगामुळे धनाजी सरनाईक यांना संघातून कमी करण्यात आले आहे. आप्पांचं अक्षर. काही वर्षांत ते वारले. तेव्हापासनं आमच्या पेठेत कुणी ठेचकाळलं की पोरं ओरडतात, "धनाजी झालास काय रं?" शंभू हे ऐकत वाढला. तो बीअरलासुद्धा शिवला नाही, आणि वडिलांचं नावही कधी घेतलं नाही.

मी धनाजीकाकांच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या फेऱ्या काढल्या. जुने फोन, धुरकट व्हिडिओ. दोघांच्या रेषा एकावर एक ठेवल्या. बापाची जिथं संपते तिथं जाणाऱ्या वाटेवर पोराची चाललेली.

*

मंगलकाकू, शंभूची आई, जर्स्यांवर नंबर छापतात. अर्ध्या गावाच्या तालमींचं काम त्यांच्याकडं असतं. मी गेलो तेव्हा मशीन तापलेलं होतं.

"काकू, एक विचारू? धनाजीकाका प्यायचे?"

त्यांनी मशीनचं झाकण दाबून धरलं, सोडलं. जर्सीवर नऊ नंबर उठला होता.

"लोक काय म्हणत्यात ते तुला ठाऊक हाय."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

"एक थेंब न्हाई." त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "हात नाचायचं त्यांचं. कप धरला की चहा सांडणार. जीभ अडखळायची. मी घरोघर सांगत फिरले, अवं हा मानूस पीत न्हाई. तर बायका म्हनायच्या, नवऱ्याला झाकतीया बिचारी. शेवटी एक डॉक्टर म्हनाला, नसांचं काय तरी हाय, मोठ्या ठिकानी न्या. न्यायच्या आधीच न्युमोनिया झाला."

त्यांनी दुसरी जर्सी पसरली, सुरकुती काढली.

"परवा शंभूच्या हातातनं ताट पडलं," त्या म्हणाल्या. मी काहीच बोललो नव्हतो. "तू त्यासाठीच आलास न्हवं?"

*

शंभूला मी स्टँडच्या पायऱ्यांवर सांगितलं. सकाळी, सराव झाल्यावर. पाठ करून गेलो होतो, सगळं विसरलो. फोनवर दोन रेषा दाखवल्या आणि म्हटलं, ही तुझी, ही काकांची.

त्यानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

"म्हंजे आबा पीत नव्हतं?"

त्यानं आधी हे विचारलं. स्वतःचं नंतर.

"नाही."

"आन मला पन तेच हुनार?"

"मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. जाऊन विचारूया."

तो उठला. बुटाच्या नाड्या एकमेकींत बांधल्या, बूट गळ्यात अडकवले. चार पायऱ्या उतरला आणि वळला.

"अख्खं गाव मी गोल मारताना बघतंय, आन तू माझं पाय मोजत बसलास? काय नडलं होतं तुझं?"

आणि तसाच निघून गेला.

त्यानं बोलणं टाकलं. रस्ता बदलून जायचा. मी दुकानात बसून लोकांचे स्क्रीन बदलत होतो आणि एकेकाचा निरोप येत होता, भावा खडू काय म्हणतंय, पहिला आपलाच ना, पोस्टरवर तुझं पन नाव टाकू का?

मग एक दिवस तो दारात उभा राहिला. आत आला नाही.

"चल मिरजेला."

*

मिरजेच्या डॉक्टर बाई शांत होत्या. माझ्या रेषा त्यांनी नीट बघितल्या. "पद्धत ओळखीची आहे," म्हणाल्या. "पण एवढ्या वर्षांचं पळणं आमच्याकडं कुणाचंच नसतं. हे काढलं कुणी?"

"पेठेनं," शंभू म्हणाला.

त्यांनी त्याला एका रेषेवर चालवलं, बोटं अंगठ्यावर भराभर टेकवायला लावली. मग म्हणाल्या, "जीभ बाहेर काढ आणि तशीच धरून ठेव."

शंभूनं जीभ काढली. आत गेली. परत काढली, परत आत गेली. तो हसायला लागला. "काय मॅडम, शाळेत ह्यासाठी छड्या खाल्ल्यात." मला पण हसू आलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं. तेव्हा मला कळलं.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, हंटिंग्टन. एका जीनमधली एक ओळ गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिली गेलेली असते, म्हणाल्या. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला येण्याची शक्यता निम्मी. वडिलांकडून आला तर कधीकधी ती ओळ आणखी लांबते आणि आजार बापापेक्षा लवकर सुरू होतो. औषध आता आहे, पण ते आजार बरा करत नाही, मागं ढकलतं. जेवढं लवकर सुरू, तेवढी जास्त वर्षं. आणि नक्की सांगणारी एकच गोष्ट, रक्ताची तपासणी.

"करायची का नाही, हे तू ठरवायचं," बाई म्हणाल्या. "कळून न घ्यायचाही हक्क आहे तुला. लोक विसरतात ते."

शंभूनं विचार केला. "तपासणी केलीच न्हाई, तर मला ठाऊक न्हाई. असंच न्हवं?"

"कायद्यानं, हो."

येताना बसमध्ये तो पहिल्यांदा मोकळं बोलला. निवडीनंतर लीगचा डॉक्टर समोर बसवून विचारतो, तुला कुठला आजार असल्याचं माहीत आहे का. माहीत असून लपवलं तर कायमची बंदी. आणि असा आजार सांगितला तर कुठलाच क्लब करार करत नाही, विमा मिळत नाही त्यांना.

"तुझं खडू नसतं, तर मी नाही म्हनलो असतो, आन ते खरं असतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "आता निदान तपासणी निवड झाल्यावर करू. एक हंगाम, सम्या. एक हंगाम त्या जर्सीत खेळू दे. मग काय बी होऊ दे."

"आणि फळा?"

"फळ्यावर माझं नाव सांग. तू नाही सांगितलंस तर गाव विचारंल का, आन क्लब पन विचारंल."

"खडू नाही म्हणतंय रे."

"आप्पा खडूला विचारनार हाय का तुला?"

जयसिंगपूर गेलं. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, सांगतो. मनापासनं म्हटलं. माझ्या भाकितापेक्षा तो मोठा होता, आणि मिसळ काय, वर्षभर घातली असती.

*

निवडीच्या आदल्या संध्याकाळी फळ्यापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पा स्टुलावर उभे, गळ्यात टॉवेल. एकेक जण उठून नाव सांगत होता. सगळ्यांचं एकच नाव. आप्पा न कंटाळता दर वेळी तितक्याच झोकात लिहीत होते. शंभू मागं भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या शेजारी काकू.

"आता खडू!" कुणीतरी ओरडलं.

मी उठलो. आप्पांनी वळून बघितलं. "बोला, समर्थ लोहार."

"शंभूराज सरनाईक."

एकदम शिट्ट्या, हलगी, पोरं एकमेकांच्या खांद्यावर. आप्पांनी लिहिलं. माझं नाव पुढं. फळ्यावर चढलं.

त्या गोंधळात पुढच्या रांगेतला बबलू नलवडे उभा राहिला. वाईट माणूस नाही. पेठेत सगळ्यात जास्त ओरडतो, शंभूच्या सगळ्यात जास्त फेऱ्या त्यानंच काढल्यात. तो हात वर करून म्हणाला, "शंभ्या, जा भावा, नाव काढ! फक्त एवढंच कर, बापाच्या वळनावर जाऊ नको! क्लबाची बस स्टेडियमला, आन ह्यो आपला गुत्त्यावर!"

पेठ हसली. मायेनंच हसली. आप्पा हसले नाहीत, पण त्यांनी बबलूला गप्पही केलं नाही. खडूची भुकटी झटकत राहिले.

मी मागं बघितलं. शंभू काकूंकडं बघत होता. काकूंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. इतक्या वर्षांची सवय.

शंभू भिंतीपासनं सुटला आणि पुढं आला. लोकांना वाटलं भाषण करणार. टाळ्या पडल्या.

"सम्या," तो म्हणाला, "टीव्हीवर त्या दोन फेऱ्या लाव."

मी मान हलवली. नाही.

"लाव म्हनतोय न्हवं."

"शंभू, उद्या..."

"मला ठाऊक हाय उद्या काय हाय ते."

तालमीचा सामने बघायचा मोठा टीव्ही दारातच लावलेला असतो. मी फोन जोडला. एका बाजूला धनाजीकाका, धुरकट, शेवटच्या हंगामातले. दुसऱ्या बाजूला शंभू, मागच्या आठवड्यातला. दोघं मैदानाला फेरी घालत होते. पेठेच्या स्टँडसमोर दोघांनी छातीला हात लावला. एकाच ढबीनं.

"सांग," शंभू म्हणाला.

मी सांगितलं. पावलांची आठवण, ताल, सगळं, जमेल तसं. म्हटलं, प्यालेल्याची दारू उतरते, उतरली की चाल जागेवर येते. काकांची तीन हंगाम जागेवर आलेली नाही. सकाळच्या सामन्यातही नाही. रोज थोडी थोडी खालीच गेलीय. हा आजार आहे. मेंदूचा.

हलगी थांबली होती.

"माझा बाप प्यालेला नव्हता," शंभू म्हणाला. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आजारी होता. आजारी असून तुमच्यासाठी फेऱ्या घालत होता."

आप्पा स्टुलावरनं उतरले. टीव्हीजवळ गेले, डोळे बारीक करून बघितलं. मग बोट दुसऱ्या बाजूला नेलं, शंभूवर.

"आन हे?"

शंभूनं डोक्यावरनं हात फिरवला.

"ते पन तेच, आप्पा."

समोर निम्म्या लोकांचे फोन वर होते. नेहमीसारखे. शंभूचा व्हिडिओ काढत होते. ग्रुपवर जायला किती वेळ लागतो?

*

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचगंगा एफसीनं सांगलीच्या एका बचावपटूला उचललं. नंतर कुठल्याच क्लबानं शंभूचं नाव घेतलं नाही. आम्ही दोघांनी दुकानात बसून बघितलं. शंभू शेवटपर्यंत बसला. शेवटचं नाव झाल्यावर म्हणाला, "सांगलीवाला चांगला हाय. हेडर भारी मारतो." आणि काउंटरवर डोकं ठेवलं. मी शटर अर्धं ओढलं.

तो उठल्यावर आम्ही बाहेर पडलो. तालमीपाशी माणसं उभी होती.

फळा पुसलेला होता. निवड व्हायच्या आधी, सकाळीच पुसलेला. तसं पूर्वी कधीच झालं नव्हतं. आप्पांनी गळ्यातल्या टॉवेलनं पुसला म्हणे, आणि दिवसभर तिथंच स्टुलावर बसून होते. टॉवेल पांढरा झाला होता.

फळ्यावर एवढंच होतं:

धनाजी सरनाईक हे आजारी होते. त्यांच्यावरील कारवाई चुकीची होती. त्यांना संघात सन्मानाने परत घेण्यात येत आहे. लिहिणारा, आप्पा वडणगेकर.

खाली स्वतःचं नाव आप्पांनी आधी कधी लिहिलं नव्हतं.

काकू आल्या. त्यांनी वाचलं. वरपासनं परत वाचलं. मग आप्पांकडं वळल्या.

"अक्षर बिघडलंय तुमचं."

"हात थरथरतोय, वैनी," आप्पा म्हणाले. त्यांना वर बघवत नव्हतं.

"ह्यांचा पन थरथरायचा," काकू म्हणाल्या, आणि घरी गेल्या.

बबलू फळ्याखाली पायरीवर बसून होता. शंभू जाऊन त्याच्या शेजारी बसला.

*

तपासणी केली. जे यायचं तेच आलं. औषध चालू आहे, महिन्यातनं एकदा मिरज. बाई म्हणतात लवकर सापडलं, वर्षं मिळतील. किती ते सांगत नाहीत. मी पण विचारत नाही, आणि भाकितं करणं सोडलंय. यंदा फळ्यावर दुसऱ्यांनी सांगितली आणि सगळे चुकले, पेठभर मिसळ झाली.

शंभू तालमीकडनं खेळतो. आता पूर्ण वेळ नाही. पण सलामीची फेरी चुकवत नाही. अकरा नंबरची जर्सी घालतो, वडिलांची. काकूंनी नव्यानं नंबर छापून दिला. आमच्या स्टँडसमोर येतो, छातीला हात लावतो. बबलू अजूनही सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो. फक्त ठेचकाळलेल्या पोराला आता कुणी काही म्हणत नाही.

मी त्याच जागेवरनं व्हिडिओ काढतो. डॉक्टर बाईंना लागतो, औषध लागू पडतंय का बघायला. रेषा खालीच चाललीय. सावकाश, पण खालीच. मागच्या रविवारी स्टँडपुढच्या वळणावर त्याचा पाय अडकला, हातावर पडला, उठला. अख्खी पेठ उभी राहिली आणि गप्प उभी राहिली. त्यानं फेरी पूर्ण केली.

मग धापा टाकत कठड्याशी आला. गुडघ्याला माती. मी पाण्याची बाटली टोपण काढूनच दिली.

"बघ की," तो म्हणाला. दर वेळी विचारतो. "आज कोणासारखा?"

मी बटण दाबलं. काय येणार ते दोघांनाही माहीत असतं.

"धनाजी सरनाईक."

"हां," शंभू म्हणाला. तोंड पुसलं आणि संघाकडं पळत गेला.